तुम्ही भाडेकरू आहात? कायदा म्हणतो, नाही!

हिंजवडीत जॉब लागला, की पहिला फोन आईला आणि दुसरा ब्रोकरला! मग दोन वीकएन्ड त्या ब्रोकरच्या बाइकवर मागे बसून वाकड, बाणेर, पिंपळे सौदागर अशी वरात. सात-आठ फ्लॅट बघून झाले की त्यातला एक 'चालेल यार' वाटतो. आणि मग खरी परीक्षा. घरमालक काका-काकूंच्या हॉलमध्ये, त्यांच्या सोफ्याच्या कडेवर बसून दिलेला इंटरव्ह्यू. कंपनीतला एचआर राउंड याच्यापुढे काहीच नाही. नॉनव्हेज खाता का? रात्री किती वाजता येता? मित्रमंडळी फार येतात का? आणि हो, आडनाव काय म्हणालात?

यातून पास झालात, की पाकीट उघडायचं. तीन महिन्यांचं डिपॉझिट, एक महिन्याचं ब्रोकरेज, पहिल्या महिन्याचं भाडं. पंचवीस हजारांच्या टू बीएचकेसाठी एका झटक्यात सव्वा लाख जातात. मोबाइल घेताना आपण दहा रिव्ह्यू वाचतो. सव्वा लाख ज्या कागदावर सही करून देतो, तो मात्र ब्रोकर 'इथे, इथे आणि इथे' असं बोट दाखवेल तिथे सही करून मोकळे होतो.

एकदा तो कागद काढा आणि त्याचं नाव वाचा. 'लिव्ह अँड लायसन्स अ‍ॅग्रीमेंट'. आत तुमचा उल्लेख 'लायसन्सी' असा असेल आणि काकांचा 'लायसन्सर'. 'भाडेकरू' हा शब्द शोधून सापडणार नाही. तो चुकून राहिलेला नाही, मुद्दाम टाळलेला आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार लायसन्स म्हणजे फक्त परवानगी. दुसऱ्याच्या जागेत राहायची परवानगी, जागेवर हक्क शून्य. भाडेकरूला जागेवर काही एक हक्क मिळतो, लायसन्सीला नाही. भाडेनियंत्रण, भाडेवाढीवर मर्यादा, 'भाडेकरूला काढता येत नाही' वगैरे आपण ऐकत मोठे झालो, त्यातलं बरंचसं आपल्यासाठी नाहीच!

चाळीतली खोली आणि आपला फ्लॅट

मग ते आहे कोणासाठी? गिरगाव, दादर, लालबागच्या चाळींत किंवा पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांत कोणी नातेवाईक असतील तर त्यांना विचारा. महिन्याचं भाडं शे-दोनशे रुपये, पावती आजोबांच्या नावावर. ते खरेखुरे भाडेकरू.

ही गोष्ट जरा मागून सांगायला हवी, कारण आपला अकरा महिन्यांचा कागद तिच्याच पोटातून आला आहे. पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी भडकली, म्हणून १९१८ मध्ये भाड्यावर लगाम घालणारा कायदा आला. मग १९४७ चा मुंबई भाडे कायदा, ज्याने भाडी चक्क १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. तेव्हा ते योग्यच होतं. महायुद्ध नुकतंच संपलेलं, फाळणी, शहरात माणसांचा पूर. पण तात्पुरता म्हणून केलेल्या त्या कायद्याला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली आणि भाडं तिथेच राहिलं. घरमालक म्हणाले, एवढ्या भाड्यात जिना दुरुस्त करायचा कसा? चाळी खचल्या. पागडीचा कारभार टेबलाखालून चालला. आणि ज्यांच्याकडे रिकामा फ्लॅट होता त्यांनी त्याला कुलूप लावलं. भाडेकरू ठेवला तर तो आणि त्याची पुढची पिढी जाणार नाही, ही भीती!

या भीतीवर कोणा हुशार माणसाने काढलेला तोडगा म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. भाडेकरू नकोच, 'परवानगीवाला' ठेवू. तोडगा मस्त चालला. इतका, की १९७३ मध्ये सरकारने कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सी जागेत राहत होते त्यांना एका फटक्यात भाडेकरूचा दर्जा दिला. त्या दिवशी कित्येक घरमालकांच्या घशाला कोरड पडली असेल! आजही एखादे आजोबा 'भाड्याने द्यायचं नाही म्हणजे नाही' असं ठणकावतात, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा तो ७३ सालचा धसका असतो. तुमच्यावर राग नसतो.

शेवटी सुप्रीम कोर्टानेच १९९७ मध्ये म्हटलं, की भाडं असं गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून राज्यभर लागू झाला. आजही राज्यात तोच आहे. त्यात जुन्या भाडेकरूंचं संरक्षण राहिलं. घरमालकाला वर्षाला चार टक्के वाढ मिळाली, भाड्याची पावती देणं सक्तीचं झालं, पाणी-वीज तोडायला मनाई राहिली आणि पागडी कायदेशीर झाली. आणि लायसन्सवर राहणाऱ्यांसाठी वेगळं दार उघडलं, ते मात्र बाहेर जाण्याचं. मुदत संपली आणि तुम्ही निघाला नाहीत, तर घरमालक 'सक्षम प्राधिकाऱ्या'कडे अर्ज करतो. तिथे लांबलचक खटला नाही. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत तुम्हाला बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. नाही मागितली तर निकाल लागलाच म्हणून समजा. वर, मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांसाठी दुप्पट दराने भरपाई. कलम २४ लक्षात ठेवा. 'काका, अजून पंधरा दिवस राहतो' हे फोनवर ठरवू नका, लेखी घ्या.

अकरा महिन्यांचं गौडबंगाल

आता गंमत बघा. अ‍ॅग्रीमेंट अकराच महिन्यांचं का? ब्रोकरला विचारा, तो म्हणेल, 'सर, तसंच असतं'. खरं कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा असेल तर त्याची नोंदणी सक्तीची, म्हणून देशभर सगळ्यांनी अकरा महिन्यांची पळवाट धरली. पण महाराष्ट्रात ही पळवाट बंद होऊन पाव शतक झालं! १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं, की भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा, करार लेखी हवा आणि तो नोंदवलेला हवा. अकरा महिने असोत नाहीतर एक. म्हणजे अकराचा आकडा आता निव्वळ सवयीने चालू आहे. आणि दर अकरा महिन्यांनी नव्याने ब्रोकरेज मिळतं, हेही त्यामागे असावं असं मला आपलं वाटतं.

कलम ५५ मधली खरी मजा पुढे आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल तुमचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे घरमालकाने सिद्ध करायचं. काकांना हे माहीत नसतं, कारण त्यांच्या ब्रोकरनेही सांगितलेलं नसतं.

'काका, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करू या ना?'

'अरे बाळा, घरचंच समज. कशाला हजारभर रुपये घालवायचे? नोटरी करून टाकू.'

हा संवाद तुम्ही ऐकला असेल. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. शंभर-पाचशेच्या स्टँपपेपरवर गोल शिक्का मारून आणलेला कागद दिसायला भारी असतो, पण कलम ५५ ला तो पुरत नाही. आणि घालवायचे किती, तेही बघू या. मुद्रांक शुल्क पाव टक्का. कशाच्या? मुदतीतलं एकूण भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दर वर्षी दहा टक्के धरलेलं व्याज. पंचवीस हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, बारा महिने असं धरा. तीन लाख अधिक दहा हजार, त्याचा पाव टक्का म्हणजे ७७५ रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत हजार रुपये. झाले पावणेअठराशे, वर ऑनलाइनचं थोडं शुल्क. निम्मे-निम्मे केले तर एका पिझ्झा पार्टीत बसतात. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रांग लावायचीही गरज नाही. आधार, बोटाचा ठसा, वेबकॅमवर फोटो, हे सगळं घरबसल्या होतं. हा पाव टक्क्याचा दर साठ महिन्यांपर्यंतच्या कराराला चालतो.

आणि साठ महिन्यांचा मुद्दा जरा थांबून वाचा. आपल्याला चार टक्क्यांची मर्यादा लागू नाही, मग काका दर वर्षी दहा टक्के वाढवू शकतात? अकरा महिन्यांनी नवा करार करताना, हो, वाटेल तेवढे मागू शकतात. पण चालू करारात लिहिलं आहे त्यापेक्षा एक रुपयाही जास्त नाही. कलम २४ खाली लेखी करारातला मजकूर हाच निर्णायक पुरावा असतो. ते घरमालकाच्या बाजूने चालतं, तसं तुमच्याही. त्यामुळे ऑफिस बदलायचा विचार नसेल, तर अकराऐवजी चोवीस किंवा छत्तीस महिन्यांचा करार करा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची वाढ आत्ताच आकड्यात लिहून घ्या. सोबत तुमच्यासाठी एक महिन्याच्या नोटिशीवर निघायची सोय ठेवा. हेच तुमचं खासगी भाडेनियंत्रण. काकांनाही दर वर्षी रंगकाम, ब्रोकर, नवीन माणसाची चौकशी यातून सुटका मिळते. बरेच जण तयार होतात, फक्त त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

मध्येच निघायला सांगितलं तर? 'मुलगा अमेरिकेहून येतोय, शनिवारपर्यंत खाली करा' हा फोन अनेकांना आलेला आहे. करारात नोटीस पीरियड लिहिला असेल तर तोच लागू. सुविधाधिकार कायदाही इथे मदतीला आहे. परवानगी रद्द केली तरी सामान हलवायला वाजवी वेळ मिळायला हवा. आणि पैसे मोजून घेतलेल्या लायसन्सवरून, तुमची काही चूक नसताना मुदतीआधी काढलं, तर भरपाई मागता येते. कुलूप बदलणं, सामान जिन्यात काढून ठेवणं हे तर कोणालाच करता येत नाही. जागेत शांतपणे राहणाऱ्या माणसाला, त्याचा हक्क संपला असला तरी, कायद्याची वाट सोडून बाहेर काढता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये स्पष्ट केलं आहे. असं काही झालं तर आधी व्हिडिओ, मग पोलिस चौकी, मग वकील.

सॉरी, बॅचलर्स नॉट अलाऊड

आता दुखरी नस. फ्लॅट पसंत, भाडं पसंत, काकाही तयार. आणि सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, आमच्याकडे बॅचलर्सना देत नाहीत. किंवा एकटी मुलगी नको. किंवा नुसतंच, 'बघतो, कळवतो'.

सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांचे जे आदर्श उपविधी आहेत, म्हणजे आपल्या भाषेत मॉडेल बायलॉज, त्यानुसार फ्लॅट भाड्याने द्यायला सभासदाला सोसायटीची परवानगी लागत नाही. आधी कळवायचं, कराराची प्रत द्यायची, पोलिसांना माहिती दिल्याचा कागद जोडायचा, बस्स. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेऊ शकते, पण तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच, असा १ ऑगस्ट २००१ चा सरकारी आदेश आहे आणि मुंबई हायकोर्टाने तो उचलून धरला आहे. सेवाशुल्क दोन हजार असेल तर जास्तीत जास्त दोनशे रुपये. आणि तेही सभासदाने द्यायचे. 'सोसायटीचे बॅचलर चार्जेस' म्हणून तुमच्याकडून दोन-तीन हजार मागितले, तर ते कुठल्या नियमाखाली हे लेखी मागा. आवाज एकदम मऊ होतो.

पोलिसांचंही तसंच. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलिस आयुक्त वेळोवेळी आदेश काढतात, की भाड्याने जागा देणाऱ्याने राहणाऱ्याची माहिती पोलिसांना द्यावी. जबाबदारी घरमालकाची, आणि ऑनलाइन होते. ही फक्त माहिती आहे. कॅरेक्टर सर्टिफिकेट नव्हे! आणि दोन सज्ञान माणसं लग्न न करता एकत्र राहत असतील तर तो गुन्हा नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगून टाकलंय. मजल्यावरच्या काकूंपर्यंत ते पोहोचायला वेळ लागेल.

पण इथे एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सोसायटीविरुद्ध सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे तक्रार करायची तर ती सभासदाने, म्हणजे घरमालकाने करायची. तुम्ही सभासद नाही. आणि बहुतेक घरमालक तुमच्यासाठी सेक्रेटरीशी वाकडं घेत नाहीत. त्यांना तिथेच गणपतीची वर्गणी द्यायची असते.

आणि काकांनीच 'नाही' म्हटलं तर? आडनाव ऐकून, धर्म ऐकून, डब्यात काय असतं ते ऐकून? इथे कायदा फारच तोकडा पडतो. घर भाड्याने देताना भेदभाव करू नये, असं सरसकट सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. उलट २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवणारा उपविधी सुप्रीम कोर्टाने मान्य केला. मोजकी दारं तेवढी उघडी आहेत. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना त्या कारणावरून घर भाड्याने नाकारता येत नाही, हे २०१७ च्या कायद्यात आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी तेच २०१९ च्या कायद्यात. म्हणजे 'घर भाड्याने देताना भेदभाव नको' हे वाक्य आपल्या संसदेला लिहिता येतं. दोनदा लिहिलंय. बाकीच्यांसाठी लिहिलेलं नाही, इतकंच. 'आमचं काही नाही हो, पण वरच्या मजल्यावरचे...' हे वाक्य ऐकून जिना उतरलेल्यांना आज तरी पुढचा फ्लॅट शोधण्यावाचून इलाज नाही, आणि हे लिहिताना मला अजिबात बरं वाटत नाहीये.

डिपॉझिट, ओ काका, डिपॉझिट!

सगळ्यात जास्त भांडणं कशावरून? डिपॉझिटवरून. ते किती असावं यावर महाराष्ट्रात लायसन्ससाठी वरची मर्यादा नाही. केंद्र सरकारने २ जून २०२१ ला आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली. त्यात घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट, घरात यायचं तर चोवीस तास आधी कळवायचं, अशा आपल्याला हव्याहव्याशा गोष्टी आहेत. पण तो नमुना आहे. राज्याने तसा कायदा केला तरच लागू. दोन महिन्यांच्या मर्यादेवर बोट ठेवून पुण्यात किंवा ठाण्यात भांडायला जाऊ नका, समोरचा हसेल.

मग जे करायचं ते सही करण्याआधी. डिपॉझिट चेकने किंवा ट्रान्सफरने द्या, कॅश अजिबात नाही, आणि रक्कम करारात पूर्ण लिहून घ्या. 'अर्धं कॅश, अर्धं कागदावर' म्हणजे अर्धं गेलं! परत कधी मिळणार तेही नेमकं लिहा. ताबा देतानाच, चावीच्या बदल्यात. 'महिन्याभरात देऊ' असं नको. नीट केलेल्या करारांत आणखी एक कलम असतं. डिपॉझिट परत मिळत नाही तोपर्यंत लायसन्सीला भाडं न देता राहता येईल आणि थकलेल्या रकमेवर व्याज लागेल. घरमालक थोडी कुरकुर करतात, पण परत द्यायचंच आहे तर हरकत काय, असं हसत विचारून बघा. रंगकामाचे पैसे कापणार असतील तर आकडाही आत्ताच ठरवा. नाहीतर दहा महिने राहिलेल्या फ्लॅटच्या भिंती अचानक राजवाड्याच्या होतात.

राहायला जाता त्या दिवशी घराचा व्हिडिओ काढा. गीझर, नळ, फुटकी टाइल, बाथरूमची ओल, सगळं. तो काकांना व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा, 'छान आहे घर!' असं लिहून. निघताना तसाच दुसरा. विजेच्या मीटरचं रीडिंग, शेवटचं भरलेलं बिल, चाव्या किती दिल्या ते, आणि ताबा मिळाल्याची काकांची दोन ओळींची सही.

एवढं करूनही पैसे अडले, तर घर खाली करून घेणाऱ्या त्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे तुमच्या डिपॉझिटसाठी जाता येत नाही. ते दार एकाच बाजूने उघडतं. तुमचा मार्ग म्हणजे वकिलाची नोटीस आणि मग दिवाणी दावा, त्याला तीन वर्षांची मुदत. बहुतेक प्रकरणं नोटिशीवरच मिटतात, कारण पाऊण लाखासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढायची हौस काकांनाही नसते. दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून लोकअदालतीत तडजोडीचा प्रयत्न करता येतो. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. आणि मुलींनो, तिथे महिलांना मोफत वकील मिळतो, पगार कितीही असो. सॅलरी स्लिप न्यायची गरज नाही. नोंदणी केलेला करार, ट्रान्सफरची नोंद आणि ते दोन व्हिडिओ घेऊन जा.